वकिलाविना प्रायव्हेट लिमिटेड: बेळगावात बसून आपली कंपनी आपणच कशी नोंदवावी

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत चुलतभावाबरोबर आमचं लहानसं मशीन शॉप आहे. भागीदारीतून कंपनीत जायचं ठरलं तेव्हा काकांनी पहिला प्रश्न टाकला, "कंपनी काढूलालास व्हय? मग वकील कोण धरलास?" आपल्याकडे कागद म्हटला की कोर्ट आणि कोर्ट म्हटलं की वकील, ही साखळी डोक्यात घट्ट बसलेली आहे. कंपनी नोंदणीचा आणि कोर्टाचा काही संबंध नाही. सगळं काम केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होतं. अर्ज तपासणारं केंद्र हरियाणात मानेसरला आहे आणि पुढचा कारभार बेंगळुरूच्या कंपनी निबंधकांकडे असतो. आम्हाला बेळगाव सोडून कुठंही जावं लागलं नाही.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण "सगळं स्वतः करा, कुणाचीच गरज नाही" असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि ते अर्धवट आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७ प्रमाणे नोंदणीच्या अर्जावर एका व्यावसायिकाचं प्रतिज्ञापन लागतंच. तो वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यांपैकी कुणीही चालतो, फक्त तो प्रत्यक्ष व्यवसाय करणारा हवा. त्यामुळे वकील टाळता येतो, ही सही टाळता येत नाही. आमचा जीएसटी बघणाऱ्या सीएंनी ती केली. बाकीचं ठरवणं, लिहिणं, कागद जमवणं आम्ही दोघांनी केलं आणि त्याचा फायदा आजही होतो. आपल्या कंपनीच्या नियमावलीत काय लिहिलंय हे आम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.

आधी "मर्यादित" म्हणजे किती, ते समजून घ्या

कंपनी बुडाली तर तुमचे शेअरचे पैसे बुडतात, घर जात नाही. हे खरं आहे, पण बँकेत गेलात की चित्र बदलतं. लहान कंपनीला खेळतं भांडवल देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरती तुमची जबाबदारी पुन्हा अमर्याद झाली. जीएसटीचंही तसंच आहे. प्रायव्हेट कंपनीकडून थकलेला कर वसूल झाला नाही, तर त्या काळातले संचालक जबाबदार धरले जातात. आपल्याकडून गंभीर हलगर्जी झाली नाही हे त्यांना सिद्ध करावं लागतं. म्हणून घरात "आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही" असं सांगू नका. व्यापारी देणी, मालाच्या तक्रारी, अडकलेल्या ऑर्डरी यांच्यापासून मात्र कंपनी खरंच आडोसा देते, आणि आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याला तोच हवा असतो.

आपल्या देशात या आडोशाचे तीन सोयीचे प्रकार आहेत. एकट्याचा धंदा असेल तर एक व्यक्ती कंपनी. तिला एक सभासद आणि त्याच्या पश्चात येणारा एक नामनिर्देशित माणूस लागतो. दोघं किंवा जास्त असाल तर प्रायव्हेट लिमिटेड: किमान २ सभासद, किमान २ संचालक, जास्तीत जास्त २०० सभासद. तिसरा प्रकार एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, २००८ च्या कायद्याखालची. त्यात भागीदारीची सुटसुटीत रीत राहते आणि जबाबदारी मर्यादित होते. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीला लेखापरीक्षणही सक्तीचं नाही. कंपनीला पहिल्या वर्षापासून, एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी ते आहेच.

माझं मत सांगतो. दोन मित्र सल्ला-सेवेचं, डिझाइनचं, क्लासेसचं काम करणार असतील तर एलएलपी पुरे. मोठ्या कारखान्यांचे व्हेंडर व्हायचं असेल, पुढं कुणाचे पैसे भागभांडवल म्हणून घ्यायचे असतील, किंवा आजचा धंदा उद्या मुलांकडे शेअर रूपात द्यायचा असेल, तर प्रायव्हेट लिमिटेड. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे. एलएलपीचा अर्ज वेगळा असतो आणि करार नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करावा लागतो, बाकी वाट बरीचशी हीच.

पत्ता सीमेच्या कुठल्या बाजूला?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखात सापडणार नाही, पण आपल्याकडे तो सगळ्यात आधी येतो. निपाणीचा माणूस कागलला गोदाम घेतो, बेळगावच्या माणसाचं गाव चंदगड तालुक्यात असतं, खानापूरकराचा माल गोव्यात जातो. नातीगोती दोन्हीकडे. मग सुचवणारे सुचवतात, कंपनी कोल्हापूरच्या पत्त्यावर काढ, कागद मराठीत होतील.

कंपनीचे मूळ कागद मराठीतही नसतात आणि कन्नडमध्येही नसतात, ते इंग्रजीत असतात. तेव्हा भाषेसाठी पत्ता बदलू नका. नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकात असेल तर कंपनी बेंगळुरूच्या निबंधकांकडे, कोल्हापुरात असेल तर पुण्याच्या. कंपनीला मिळणाऱ्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात राज्याची दोन अक्षरं असतात आणि ती सहज बदलत नाहीत. त्याच शहरात पत्ता बदलणं म्हणजे एक अर्ज. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं तर विशेष ठराव, वर्तमानपत्रात जाहिरात, देणेकऱ्यांना नोटिसा आणि मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी, एवढं सगळं आलं.

म्हणून जिथं रोज शटर उघडतं, जिथं हिशेबाच्या वह्या राहतात आणि आलेलं टपाल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी कुणीतरी फोडेल, तिथलाच पत्ता द्या. घराचा पत्ताही चालतो. निबंधकांना पत्त्याची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा अधिकार आहे. अर्जावर सही करणारा व्यावसायिकही "मी ही जागा स्वतः पाहिली आहे" असं लिहून देतो. लांबच्या शहरातून फोनवर "सगळं करून देतो" म्हणणारा एजंट ही जागा कधी पाहणार, एवढा एकच प्रश्न विचारून बघा. सीए किंवा कंपनी सेक्रेटरी आपल्या गावातलाच धरावा, त्याचं हे कारण आहे.

कागद: इथंच महिना जातो

प्रत्येक सभासद-संचालकाचं पॅन, आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट किंवा वाहन परवाना, पासपोर्ट मापाचा फोटो, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट किंवा बिल. यादी सोपी आहे. अडचण नावांची असते. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर आणि रेशन कार्डावर आडनावाआधी आद्याक्षरं, पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत उतरलेलं तिसरंच स्पेलिंग. माझ्या चुलतभावाचं नाव पॅनवर आणि आधारवर एका अक्षरानं वेगळं होतं. डिजिटल सहीसाठी ते जुळावं लागतं, नाहीतर काम पहिल्याच पायरीवर अडतं. काहीही सुरू करण्याआधी सगळ्यांचं पॅन आणि आधार एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर वाचा. दुरुस्ती लागली तर पॅन प्रमाण धरून आधार सुधारा, कारण कंपनीच्या अर्जात संचालकाचं नाव पॅनवरूनच पडताळलं जातं.

जागेसाठी तीन कागद लागतात. वीज, गॅस किंवा फोनचं दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं बिल. जागा भाड्याची असेल तर ई-स्टॅम्पवरचा भाडेकरार. आणि मालकाचं ना हरकत पत्र. जागा वडिलांची असली तरी ना हरकत पत्र लागतं, मुलगा म्हणून सूट नाही.

आमचा अर्ज पहिल्यांदा इथंच परत आला. शेडचं हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल अजून आजोबांच्या नावावर होतं. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, उतारा वडिलांच्या नावावर चढला होता, पण बिल दर महिन्याला भरलं जायचं म्हणून नाव बदलायचं कुणाला सुचलंच नाही. ना हरकत पत्र वडिलांचं, बिल आजोबांचं. तपासणाऱ्यानं विचारलं, जागेचा मालक नेमका कोण? प्रश्न रास्तच होता. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि उतारा जोडून बिलावरचं नाव बदलून घेतलं, नवीन नावाचं बिल हातात आलं आणि मग पुढं सरकलो. तुमच्या घरी आजच बिल काढून वरचं नाव वाचा. आपल्या भागात दर दुसऱ्या घरात हे बिल गेलेल्या माणसाच्या नावावर निघेल.

बिल किंवा उतारा कन्नडमध्ये असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा आणि ते प्रमाणित करून घ्या. पत्ता लिहिताना सगळ्या कागदांवर एकच रूप ठेवा. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, जुन्या कागदांवर बेळगाव आहे. भाडेकरार आणि ना हरकत पत्र नव्यानंच करत आहात, तर त्यावर अधिकृत रूपच घाला आणि गल्लीचं, प्लॉटचं नाव अर्जात लिहिणार तसंच घाला.

डिजिटल सही: टोकन स्वतःच्या कपाटात

प्रत्येक सभासद-संचालकाला क्लास ३ डिजिटल सही लागते. परवानाधारक संस्थांकडून ती ऑनलाइन मिळते. पॅन-आधार देऊन मोबाइलवर छोटी व्हिडिओ पडताळणी होते आणि सही पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते. मुदत साधारण १ ते ३ वर्षं. दोन वर्षांची घ्या, कारण वार्षिक विवरणपत्रांना ती परत लागणारच.

हे टोकन म्हणजे तुमचा अंगठा आहे. आमच्या ओळखीच्या एका कारखानदारानं सगळ्या संचालकांची टोकनं पासवर्डसकट एका एजंटाकडे ठेवली होती. पुढं पैशांवरून वाद झाला आणि आपल्याच कंपनीच्या कागदावर सही करायला त्याला महिनाभर विनवण्या कराव्या लागल्या. टोकन कुणालाही देऊ नका. सीएंकडे सही करायला जाताना घेऊन जा, येताना परत आणा.

टोकन आलं की मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बिझनेस युजर म्हणून खातं उघडा आणि सही त्या खात्याशी जोडा. संचालक ओळख क्रमांकासाठी वेगळा अर्ज नको. नव्या कंपनीच्या अर्जातच तीन जणांपर्यंत तो मिळतो.

नाव

अर्जाचं नाव स्पाइस प्लस. २०२० च्या फेब्रुवारीपासून हाच चालतो. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ नावासाठी, भाग ब नोंदणीसाठी. भाग अ मध्ये दोन नावं सुचवता येतात, शुल्क १००० रुपये, आणि मंजूर नाव २० दिवस तुमच्यासाठी राखून ठेवलं जातं. म्हणजे जागेचे कागद तयार नसताना नाव घेऊ नका, दिवस भरभर जातात. आमचे तसेच गेले.

मराठी नाव चालतं, रोमन लिपीत लिहायचं आणि अर्थ सांगायचा. पण आपल्याकडच्या लोकांच्या मनात सगळ्यात आधी येणारी दोन नावं नेमकी अडतात. एक, शहराचं नुसतं नाव. केवळ देश, राज्य किंवा शहर एवढंच नाव नियमात बसत नाही, त्यामुळे फक्त "बेळगाव प्रायव्हेट लिमिटेड" मिळणार नाही. पुढं मागं धंद्याला शोभेल असा वेगळा शब्द हवा. दुसरं, महाराजांचं नाव. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत आहे. धंद्यासाठी ते वापरता येत नाही. श्रद्धा देव्हाऱ्यात ठेवावी, कंपनीला दुसरं नाव शोधावं.

नाव सुचवण्याआधी दोन ठिकाणी शोध घ्या, कंपन्यांच्या यादीत आणि ट्रेडमार्कच्या यादीत. एकवचनाचं अनेकवचन केलं, एखादं अक्षर दुहेरी केलं, मध्ये टिंब दिलं, तर ते वेगळं नाव धरलं जात नाही. दोन शब्दांचं नाव असेल तर त्यातला एक तरी सहसा कुणी न वापरलेला असावा. ऐरण, भाता असे लोहारकामातले जुने शब्द आम्ही काढून बसलो होतो, त्यातलाच एक शेवटी मिळाला.

भांडवल, हिस्से आणि नियमावली

किमान भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते ती मर्यादा, आणि भरणा भांडवल म्हणजे प्रत्यक्षात सभासदांनी भरलेले पैसे. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला मंत्रालयाचं नोंदणी शुल्क नाही. पण राज्याचं मुद्रांक शुल्क आहे, ते अधिकृत भांडवलावर वाढतं, आणि अर्ज भरताना संकेतस्थळ स्वतःच आकडा काढून देतं. शान म्हणून मोठा आकडा टाकू नका. लागेल तेव्हा वाढवता येतो. आम्ही १० लाख अधिकृत आणि १ लाख भरणा ठेवलं: १० रुपयांचे १०,००० शेअर.

आता हिस्से. दोघांनी निम्मे निम्मे वाटून घेणं सगळ्यांना न्याय्य वाटतं, आणि भाऊ-भाऊ असले तर दुसरं काही बोलणंच अवघड. तरीही मी सांगेन, निम्मे निम्मे करू नका, किंवा केलेत तर मतभेद झाल्यावर काय करायचं ते नियमावलीत लिहा. ५,००० विरुद्ध ५,००० झालं की कुठलाच ठराव पास होत नाही आणि शेड बंद पडते. आम्ही हे बोलायला एका रविवारी मुद्दाम बसलो, दोघांच्या बायकांनाही बसवलं. यंत्रं कुणाची, रोजचा वेळ कुणाचा, गिऱ्हाईक कुणामुळे आलं, हे सगळं कागदावर मांडलं आणि ५,१०० व ४,९०० वर आलो. त्या रविवारी दोनदा चहा गार झाला, पण त्यानंतर आजतागायत तो विषय निघालेला नाही.

कंपनीचे दोन मूळ कागद असतात. पहिल्यात, म्हणजे उद्देशपत्रात, कंपनी काय करणार ते, दुसऱ्यात, म्हणजे नियमावलीत, कारभार कसा चालणार ते. दोन्हींचे ठरीव नमुने अर्जात असतात, नियमावलीसाठी कायद्याच्या अनुसूचीतला तक्ता एफ. बरेच जण तो जसाच्या तसा मान्य करतात. घरच्या कंपनीत त्यात थोडं घालावं असं माझं ठाम मत आहे. कुणाला शेअर विकायचे असतील तर आधी दुसऱ्या सभासदाला विचारायचं, भाव कसा ठरवायचा, एखादा सभासद गेला तर त्याच्या वारसाला शेअर मिळतील पण संचालकपद आपोआप मिळेल का, खात्यातून किती रकमेपर्यंत एकाच्या सहीनं पैसे निघतील. हे आधी स्वतःच्या मराठीत लिहा, घरात वाचून दाखवा. सगळ्यांना सारखंच समजलं की मग इंग्रजी करा. कंपनीचा उद्देश लिहितानाही हेच. "लोखंडी व पोलादी ओतीव भागांचं मशीनिंग, फिनिशिंग, जोडणी व विक्री" एवढं नेमकं लिहिलं की पुरे. जगातले सगळे धंदे एका परिच्छेदात कोंबले की प्रश्न येतात.

इथंच एक प्रामाणिक सूचना. बाहेरचा माणूस गुंतवणूक करणार असेल, वादातली जमीन कंपनीत आणायची असेल, किंवा भागीदारीतल्या जुन्या वाटण्या मिटलेल्या नसतील, तर नियमावलीपुरता तरी वकिलाचा सल्ला घ्या. तो खर्च कामी येतो. साध्या दोन-तीन माणसांच्या कंपनीला त्याची गरज नाही.

अर्ज भरणं

भाग ब संकेतस्थळावरच भरायचा असतो. त्याला चार अर्ज जोडलेले असतात: उद्देशपत्र, नियमावली, सभासद-संचालकांची घोषणा, आणि अ‍ॅजाइल प्रो एस नावाचा एक अर्ज. हा शेवटचा महत्त्वाचा. त्यातून भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि कामगार विम्याचे (ईएसआय) क्रमांक, कर्नाटकातला व्यवसाय कर, बँक खातं, आणि हवी असेल तर जीएसटी नोंदणी एकाच वेळी होते. पीएफ-ईएसआयचे क्रमांक आले म्हणून घाबरू नका. पीएफ साधारणपणे २० कामगारांपासून आणि ईएसआय १० कामगारांपासून प्रत्यक्ष लागू होतं.

जीएसटीच्या रकान्यात सीमाभागातल्यांनी थांबून विचार करावा. बेळगावातून बेळगावातच माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याला माल विकला की तो आंतरराज्य पुरवठा झाला, आणि मग उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. आपल्याला जे शेजारचं गाव वाटतं ते कायद्याला दुसरं राज्य आहे. सेवेचं मात्र वेगळं. गिऱ्हाइकाचीच कास्टिंग आणून त्यावर फक्त मशीनिंग करून परत पाठवलं तर ते जॉबवर्क, म्हणजे सेवा, आणि आंतरराज्य सेवेला २० लाखांपर्यंत सूट आहे. तरी एक लक्षात ठेवा. दुसऱ्या राज्यातून जॉबवर्कसाठी येणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं, मालाची किंमत ५० हजारांच्या आत असली तरीही. आणि कागलला गोदाम घेतलंत तर महाराष्ट्राची जीएसटी नोंदणी स्वतंत्र घ्यावी लागेल, कंपनी मात्र तीच राहते.

सगळं भरून झालं की अर्जांच्या पीडीएफ उतरवून घ्यायच्या. अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडून प्रत्येकानं आपलं टोकन लावून सही करायची, शेवटी व्यावसायिकाची सही, आणि परत चढवून पैसे भरायचे. सहीनंतर एक अक्षर बदललं तरी सगळ्या सह्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून सही करण्याआधी पीडीएफ छापून घ्या आणि ज्यानं अर्ज भरला नाही त्याला वाचायला द्या. आमच्या बाबतीत बहिणीनं पिनकोडातला एक आकडा चुकलेला पकडला.

अर्ज परत आला तर धीर सोडू नका. काय हवंय ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. मागितलंय तेवढंच नेमकं द्या.

प्रमाणपत्र आल्यावर

ईमेलवर नोंदणीचं प्रमाणपत्र येतं, त्यावरच कंपनीचं पॅन आणि टॅन (कर कापून भरण्यासाठीचा क्रमांक) असतं. त्या दिवसापासून कंपनीचा पत्ता सगळ्यांना खुला होतो. मग "तुमचं एक प्रमाणपत्र बाकी आहे, आजच पैसे भरा" असे फोन सुरू होतात. एकालाही पैसे देऊ नका.

पहिल्या ३० दिवसांत दोन कामं आहेत. संचालक मंडळाची पहिली सभा, आणि तिच्यात पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक. सभा म्हणजे दोघांनी टेबलाशी बसून ठराव लिहायचे आणि सह्या करायच्या. पण वही आणाच, इतिवृत्त त्याच दिवशी लिहा.

मग बँक. खातं सुरू झालं की प्रत्येक सभासदानं आपापल्या शेअरचे पैसे आपापल्या खात्यातून भरायचे. चुलतभावाचे ४९,००० मीच भरून टाकतो, नंतर बघू, असं करू नका. कंपनीच्या बँक स्टेटमेंटवर कुणाच्या नावानं रक्कम आली हे दिसलं पाहिजे, कारण तेच स्टेटमेंट पुढच्या अर्जाला लावायचं असतं. तो अर्ज म्हणजे आयएनसी-२०ए, धंदा सुरू केल्याची घोषणा. मुदत १८० दिवस. तो दाखल होईपर्यंत कंपनीला धंदा करता येत नाही, कर्ज काढता येत नाही. चुकला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, संचालकांना दिवसाला १००० रुपयांप्रमाणे वेगळा, आणि कंपनी यादीतून खोडलीही जाऊ शकते. नोंदणी झाली की काम संपलं असं समजून पुष्कळ जण इथंच चुकतात.

शेअर प्रमाणपत्रं दोन महिन्यांत द्यायची असतात, त्यावर राज्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. लेटरहेडवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल हवंच.

आणि पाटी. कंपनी कायदा म्हणतो की कार्यालयाबाहेर नाव त्या भागात वापरात असलेल्या भाषांपैकी एकीच्या लिपीत असावं. मराठी त्यात बसते. पण कर्नाटकचा कायदा वेगळा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के भाग कन्नड हवा. आम्ही एकच पाटी केली, वरती मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. रंगाऱ्याला माप आधीच सांगा, नंतर पुन्हा रंगवायला नको. दुकान-आस्थापना नोंदणी, महापालिकेचा किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना आणि लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ही कामं याच काळात उरका. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

जुनी भागीदारी चालू असेल तर तिची यंत्रं, वीजजोडणी, परवाने आणि गिऱ्हाइकांचे व्हेंडर कोड आपोआप कंपनीकडे येत नाहीत. प्रत्येकाची यादी करून एकेक बदलावं लागतं. आम्हाला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता वर्षाचे दिवस. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, पुढं दरवर्षी ६ महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र निबंधकांकडे. उशीर झाला तर प्रत्येक अर्जाला दिवसाला १०० रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही. धंदा झाला नाही म्हणून सूटही नाही. कंपनी जानेवारी ते मार्चमध्ये नोंदवली तर पहिलं हिशेबी वर्ष पुढच्या ३१ मार्चपर्यंत लांबवता येतं, प्राप्तिकराचं विवरणपत्र मात्र त्या तोकड्या वर्षाचंही भरावं लागतं. आमच्या शेडमध्ये कंप्रेसरच्या वर टांगलेल्या कालनिर्णयावर या तारखा लाल पेनानं लिहिलेल्या आहेत, आणि दर डिसेंबरात नवीन कॅलेंडर आलं की त्या उतरवून काढायचं काम चुलतभावाचं.